मार खाणाऱ्याकडे बघा

हाँगकाँगचा १९८० च्या दशकातला मारधाडीचा विनोदी पिक्चर लावला की पंधराव्या मिनिटाला घरातलं कोणीतरी मोठं माणूस उठतं, ‘काय हा पोरकटपणा’ म्हणतं आणि पाणी प्यायला म्हणून आत जातं ते परत येतच नाही. हे सगळं त्या माणसासाठी लिहितेय. पोरांना सांगावं लागत नाही.

मी मल्लखांब शिकवते, पुरलेला आणि दोरीचा, दोन्ही. त्यामुळे माझी बघायची सवय जरा वाकडी आहे. कोणी हवेत गेलं की लोक वर बघतात, मी जमिनीकडे बघते. हा खाली कसा येणार? चवडा आधी टेकणार की टाच, गुडघे सैल आहेत की ताठ, हनुवटी छातीला लागलीय की मान मोकळी सुटलीय? याच सवयीनं हे पिक्चर बघत गेले आणि माझं एक मत पक्कं झालं. यातला विनोद मारणाऱ्याकडे नसतोच, तो मार खाणाऱ्याकडे असतो. कुठला पिक्चर आधी घ्यायचा, कशाकडे कानाडोळा करायचा, कुठे थांबून मागे जायचं, हे सगळं मी त्यावरूनच ठरवते.

सुरुवात ‘प्रोजेक्ट ए’नं करा

१९८३ चा आहे. ब्रिटिश अमदानीतलं जुनं हाँगकाँग, समुद्री पोलीस आणि चाचे. गोष्ट एवढीच. ती विसरलात तरी काही बिघडत नाही. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे तिघे यात एकत्र आहेत. एकाच पिक्चरमध्ये तीन वेगवेगळ्या शरीरांची तीन वेगवेगळी भाषा बघायला मिळते, म्हणून नवख्यासाठी हाच बरा. शिवाय आजी शेजारी बसली असेल तरी रिमोटकडे हात जाणार नाही. त्या काळातल्या सगळ्याच पिक्चरांबद्दल असं म्हणता येत नाही, त्यावर पुढे बोलेन.

एक काळजी मात्र आधीच घ्या. पडदा पूर्ण रुंदीचा हवा. हे पिक्चर रुंद चौकटीसाठी चित्रित केलेले आहेत. आमच्या लहानपणी वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणायचे, तेव्हाच्या कॅसेटवर ती चौकट दोन्ही बाजूंनी कापून टीव्हीच्या आकारात बसवलेली असायची. जॅकी चॅन लाथ मारायचा आणि ती लागलेला माणूस पडद्याबाहेरच कुठेतरी मरून पडायचा. निम्मा विनोद असा गायब. आजही इंटरनेटवर अशा कापलेल्या प्रती फिरतात. दोन माणसं भांडताना एकाचंच नाक दिसत असेल, तर ती प्रत सोडून द्या.

भाषेचं म्हणाल तर मूळ कँटोनीज आवाज आणि खाली भाषांतराच्या ओळी, असंच बघा. पण मूळ भाषेत बघताय म्हणून ओठ जुळतील अशी आशा धरू नका. तेव्हा हाँगकाँगमध्ये चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नसत, सगळा मागाहून भरला जाई, आणि नटाच्या तोंडून येणारा आवाज त्याचाच असेल याचीही खात्री नसे. एकदा हे डोक्यात बसलं की ओठांकडे बघणं आपोआप सुटतं. मला तेच हवंय. जुन्या प्रतींवर चिनी ओळींखाली इंग्रजी ओळीही छापलेल्या असत. ते इंग्रजी इतकं घाईघाईत केलेलं असायचं की कधी कधी तोच वेगळा विनोद व्हायचा.

ही माणसं इतकी छान पडतात कशी

थोडा इतिहास सांगते. तो माहीत असला की बघणं बदलतं.

हाँगकाँगच्या कौलून भागात यू जिम-युएन नावाचे एक गुरुजी पेकिंग ऑपेराची, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या चिनी नाटकाची, शाळा चालवत. पालक पोरांना करारावर तिथे सोडून जात. जॅकी चॅन सातव्या वर्षी गेला. सॅमो हंग तिथला वरच्या वर्गातला दादा. युएन बियाओ, युएन वाह, कोरी युएन हे सगळे तिथलेच. पहाटेपासून कोलांट्या, भिंतीला पाय लावून हातावर उभं राहणं, गाणं, काठी, तलवार, आणि चुकलं की छडी. या शाळेवरच १९८८ मध्ये ‘पेंटेड फेसेस’ नावाचा पिक्चर निघाला आणि त्यात गुरुजींची भूमिका खुद्द सॅमो हंगनं केली. मुलांना हे सांगताना मी छडीचा भाग गाळत नाही, पण त्याचं कौतुकही करत नाही. मारून शिकवलेली कसरत सुंदर दिसते म्हणून मारणं योग्य ठरत नाही, एवढं स्पष्ट बोलते आणि पुढे जाते.

ही पोरं मोठी झाली तोवर ऑपेराचे प्रेक्षक आटले होते. मग ती स्टुडिओत गेली, दुसऱ्यांच्या वाटचं पडायला. ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) सुरुवातीच्याच लढतीत ब्रूस लीच्या हातून हरणारा गुटगुटीत गडी म्हणजे सॅमो हंग. त्याच पिक्चरमध्ये ब्रूस लीच्या काही कोलांट्या युएन वाहनं मारल्यात, आणि गर्दीतल्या एका गुंडाची मान मोडली जाते तो गुंड जॅकी चॅन. पुढे नायक झालेली ही माणसं आधी कित्येक वर्षं व्यावसायिक मार खाणारी होती. मार कसा खायचा हे त्यांच्याइतकं बारकाईनं दुसऱ्या कुठल्या नायकाला ठाऊक असणार?

जुलै १९७३ मध्ये ब्रूस ली गेला. त्यानंतर काही वर्षं त्याच्या नकला करणाऱ्यांची रांग लागली; तसलाच कपाळाला आठ्या घातलेला, कोणालाच न हरणारा नायक. १९७८ मध्ये युएन वू-पिंग या दिग्दर्शकानं जॅकी चॅनला घेऊन लागोपाठ दोन पिक्चर केले. त्यांतला नायक आळशी, वाह्यात आणि सुरुवातीला सगळ्यांकडून बदडून निघणारा. म्हातारा गुरू त्याला उलटा टांगतो, तो कळवळतो, पळून जातो, पुन्हा पकडला जातो. १९८० चं दशक या पायावर उभं आहे. नायकाला लागतं. लागल्यावर तो हात झटकतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि समोरच्याला कळू नये म्हणून हात पाठीमागे लपवतो.

प्रत्यक्ष बघायचं कसं

माझी पद्धत अशी. मारामारीचं एक दृश्य निवडा, चार-पाच मिनिटांचं. एकदा नुसतं बघा, हसू येईल तिथे हसा. मग मागे जा आणि नायकाकडे अजिबात बघू नका. डोळे फक्त मार खाणाऱ्यावर ठेवा.

‘पोलीस स्टोरी’चं (१९८५) शेवटचं दृश्य यासाठी उत्तम. हाँगकाँगच्या चिम शा चुई ईस्ट भागातल्या विंग ऑन प्लाझात ते चित्रित झालंय. दुकानं, सरकते जिने आणि जिकडेतिकडे काचा. काचा इतक्या फुटल्या की चित्रीकरणवाले या पिक्चरला गमतीनं ‘ग्लास स्टोरी’ म्हणायला लागले. दुसऱ्यांदा बघताना एखादा गुंड निवडा. तो कठड्यावरून उलटतो तेव्हा आधी त्याचा कुल्हा वळतो, मग खांदा. काचेच्या कपाटात जाताना शेवटच्या क्षणी हनुवटी आत घेतो. जिन्यावरून गडगडताना कोपर आत ओढून घेतो. हे त्याला कोणी ऐन वेळी सांगितलेलं नाही, ते अंगात मुरलेलं आहे. आमच्याकडे नव्या मुलीला खांबावर चढवण्याआधी गादीवर पडायला शिकवतात तेव्हा नेमकं हेच सांगावं लागतं, आणि ते अंगात यायला महिने जातात.

आता याच पिक्चरमधली बस. दुमजली बस, आणि तिला छत्रीच्या वाकड्या मुठीनं लोंबकळणारा जॅकी चॅन. पोस्टरवर येण्यासारखी कल्पना, हसवणारीही. पण त्याच्या शेवटी बस करकचून थांबते आणि वरच्या मजल्यावरचे गुंड समोरच्या काचेतून थेट रस्त्यावर येऊन आदळतात. ते पुढे उभ्या असलेल्या मोटारीवर पडणार होते. अंतर चुकलं आणि ते डांबरावर पडले. तोच टेक पिक्चरमध्ये आहे. मी दर वेळी ते दृश्य थांबवते आणि विचारते, नायकाचं नाव माहीत आहे, या पडणाऱ्यांचं कोणाला माहीत आहे का? अर्थात कोणालाच नसतं.

आणि तो खांब. त्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, माझा धंदाच खांबाचा. मॉलच्या मधोमध वरपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळलेला एक उंच खांब आहे. जॅकी चॅन वरून उडी मारून तो पकडतो आणि दिवे फोडत, ठिणग्या उडवत खाली येतो. पिक्चरमध्ये ही घसरण लागोपाठ तीनदा दाखवलीय, वेगवेगळ्या बाजूंनी. आम्ही खांबाला एरंडेल लावतो ते कातडी सोलवटू नये म्हणून, आणि खाली येताना वजन मांड्यांवर घेतो, तळव्यांवर कधीच नाही. याच्याकडे तेल नाही, वर तापलेले दिवे. पहिल्यांदा बघताना ठिणग्या दिसतात. दुसऱ्यांदा बघताना त्याचे घोटे बघा, ते खांबाभोवती कसे अडकलेत, आणि जमिनीच्या जरा वर कसे सुटतात. त्याचे तळवे भाजले, पाठीला मार लागला. उतरल्यावर तो तसाच उठून पुढची मारामारी करतो. त्या क्षणी माझ्या वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरंसुद्धा आपापले तळवे मांड्यांना घासतात.

‘प्रोजेक्ट ए’मधला घड्याळाचा मनोराही असाच बघायचा. हॅरॉल्ड लॉईड या अमेरिकन विनोदवीराचा १९२३ चा मूकपट आहे, त्यात तो इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. ते दृश्य जॅकी चॅननं आदरानं उचललं आणि एक पाऊल पुढे नेलं. लॉईड पडत नाही, हा पडतो. कापडी छतं फाडत खालच्या मातीत. तेही दोनदा दाखवलंय आणि दोन्ही टेक वेगळे आहेत. नीट बघा, एकात शरीर वेगळ्या कोनात वळतं. छतामुळे वेग मोडतो खरा, पण ते छत शरीराला फिरवून टाकतं, आणि फिरलेलं शरीर जमिनीला कसं लागेल ते कोणाच्याच हातात राहत नाही. आमच्याकडे दोरीवरून सुटलेल्या मुलीचं असंच होतं, म्हणून गादी दोरीच्या बरोबर खाली न ठेवता चारी बाजूंना पसरून ठेवतात.

वस्तू मोजा

हा खेळ मी मुलांसाठी काढला, पण मोठेही रमतात. मारामारी सुरू व्हायच्या आत पिक्चर थांबवा आणि खोलीतल्या वस्तू मोजा. बाकडी, शिडी, टांगलेले कपडे, घागर, सायकल, बांबू. आता प्रत्येकानं सांगायचं, यातलं काय काय वापरलं जाईल आणि कसं. मग पुढे चालू करा. जवळजवळ सगळ्या वस्तू कामी येतात, आणि बरोबर ओळखणारा क्वचितच सापडतो. ‘प्रोजेक्ट ए’मधला अरुंद बोळांतला सायकलचा पाठलाग यासाठी खास आहे. एक सायकल, दोन भिंती आणि काही दारं, एवढ्या भांडवलावर पाच-सहा विनोद.

युएन बियाओचा ‘ड्रेडनॉट’ (१९८१) याच्याही पुढे जातो. त्यात तो धोब्याच्या घरातला भित्रा पोरगा आहे. कपडे धुण्या-पिळण्याची घराण्याची पद्धत हीच त्याची कला, आणि ती कला आहे हे त्याचं त्यालाच माहीत नाही. पिळलेली चादर आणि बोटांची पकड, बास. तिघांत माझा आवडता हाच. जॅकी चॅनचा चेहरा बोलतो, सॅमो हंगचं भरलेलं अंग अचानक चेंडूसारखं उसळतं याची गंमत वाटते, पण शुद्ध कसरतीत युएन बियाओच्या जवळपास कोणी नाही. तो उडतो तेव्हा उडायच्या आधीची तयारीच दिसत नाही. मल्लखांबात याला फार मान आहे. तयारी दिसली की परीक्षक गुण कापतात.

आवाज बंद करून बघा

एखादं मिनिट पुरे. ते धप्प, फट, सूं आवाज मागाहून भरलेले आहेत. ते काढले की खाली उरते ती लय. तीन-चार घाव, एक थांबा, एक पवित्रा. पुन्हा घाव, पुन्हा थांबा. ऑपेरात झांज-ढोलावर जशी पावलं पडत तशीच ही मांडणी आहे. टाळीवर धरून बघा, जमते. विनोद बहुतेक वेळा त्या थांब्यात असतो. दोघं घट्ट पवित्र्यात उभे, आणि एकाच्या लक्षात येतं की आपला पाय बादलीत आहे.

आणखी एक बघा. मारणारा आणि मार खाणारा बहुतेक वेळा एकाच चौकटीत असतात. मध्येच तोडून वेगळं दाखवत नाहीत. मारामारी जरा जलद वाटते कारण कॅमेऱ्यातली फिल्म थोडी सावकाश फिरवून चित्रण केलेलं असतं. चोवीसऐवजी सेकंदाला बावीस किंवा त्याहून कमी चौकटी. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, कारण अंतर खरं आहे आणि पडणंही खरं आहे. कपड्यांवर आधीच पूड मारून ठेवलेली असते, घाव बसला की धूळ उडते. ती धूळ कुठून उडाली ते बघा, घाव कुठे बसला ते कळेल.

‘व्हील्स ऑन मील्स’ (१९८४) हा बार्सिलोनात केलेला पिक्चर आहे, दिग्दर्शन सॅमो हंगचं. त्यातली जॅकी चॅन आणि बेनी अर्किडेझ यांची लढत आवाजाशिवाय संपूर्ण बघण्यासारखी आहे. अर्किडेझ खराखुरा किकबॉक्सिंगचा विजेता. एका क्षणी त्याची लाथ हुकते आणि नुसत्या वाऱ्यानं मेणबत्त्यांची रांग विझते. इथे मार खाणारा अर्ध्या वेळेला नायकच आहे, आणि तो घाबरलेला दिसतो, म्हणून ही लढत मोठी वाटते.

बायकांचे पिक्चर वेगळे काढून बघा

मुली बसल्या असतील तर मी ‘माय यंग आंटी’ (१९८१) काढते. कारा हुईनं यात नात्यानं मोठी पण वयानं लहान अशी काकू केलीय. ती घट्ट चिनी पेहराव आणि उंच टाचांचे बूट घालून गुंडांशी लढते. मुलींना सांगते, टाच उंच असताना वजन कुठे जातं ते बघा, ती एकाही लाथेत मागे कलत नाही. हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला याच भूमिकेसाठी मिळाला. मारामारीच्या विनोदी पिक्चरमधल्या बाईला असा पुरस्कार मिळणं आजही सोपं नाही.

मग ‘येस, मॅडम’ (१९८५). मिशेल यो आणि अमेरिकेची सिंथिया रॉथरॉक, दिग्दर्शक कोरी युएन. मिशेल यो बॅले शिकलेली होती, कुंग फू नव्हे. तिच्या एका करामतीसाठी मी पिक्चर नेहमी थांबवते. कठड्याला पाय अडकवून ती मागच्या मागे झुलते, डोक्यानं खालची काच फोडून पलीकडे येते, आणि तिथे उभ्या असलेल्या दोघांना पायांना धरून खाली खेचते. आमच्याकडे दोरीवर पायांची पकड घेऊन उलटं सुटायचं असतं, त्याचाच हा भाऊ. फरक इतकाच की आमच्या वाटेत काच नसते. पाठ किती सैल आहे ते बघा. ताठ पाठीनं हे केलं असतं तर मानेचं काही खरं नव्हतं.

जिथे रिमोट लागेल

आता कानाडोळ्याबद्दल. ‘विनर्स अँड सिनर्स’ (१९८३) पासून सुरू झालेली ‘लकी स्टार्स’ मालिका आहे. पाच रिकामटेकडे मित्र, थोडीशी मारामारी आणि बराच वेळ घरातल्या एकुलत्या बाईला कसं फसवायचं याचे बेत. ते बेत तेव्हाही गलिच्छच होते. मी ते दाखवत नाही, सरळ पुढे ढकलते आणि मारामारीवर थांबते. त्या मारामाऱ्या इतक्या सरस आहेत की संपूर्ण पिक्चर टाकून देववत नाही, आणि मधला भाग इतका नकोसा आहे की संपूर्ण बघवत नाही. रिमोट हातात धरून बसा.

दुसरं, वाऱ्याची दिशा अचानक बदलते. हसता हसता कोणीतरी खरंच मरतं. ‘द प्रॉडिगल सन’ (१९८१) ऑपेरा मंडळीभोवती फिरतो. लाम चिंग-यिंग यात स्त्रीभूमिका करणारा, दम्यानं खंगलेला आणि विंग चुन या कुंग फूच्या प्रकारात अव्वल असा गुरू झालाय. त्याच्या आणि सॅमो हंगच्या कुरबुरी बघून मुरकुंडी वळते. आणि एका रात्री त्या मंडळीवर असा हल्ला होतो की खोलीतले सगळे गप्प होतात. लहान पोरं असतील तर तेवढा भाग आधी एकटे बघून घ्या. मला स्वतःला हा पिक्चर या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो, पण म्हणूनच तो पहिला दाखवू नका.

भुतांचं मात्र खुशाल दाखवा. ‘मिस्टर व्हँपायर’ (१९८५) मध्ये जुन्या दरबारी वेषातली प्रेतं हात पुढे करून टणाटण उड्या मारत येतात. श्वास रोखला की त्यांना तुम्ही दिसत नाही, कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटवला की ती जागच्या जागी थांबतात, आणि त्यांचं विष उतरवायला चिकट तांदूळ लागतो. दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि पुढचा सगळा घोटाळा होतो. भेसळीवरचा इतका समजण्यासारखा पिक्चर दुसरा नसेल. मांत्रिक पुन्हा लाम चिंग-यिंगच, जाड जोडभुवया लावलेला. हा बघून झाल्यावर आमच्या व्यायामशाळेत आठवडाभर कोणी सरळ चालत नाही.

शेवटच्या नावांवर उठू नका

नावं धावू लागली की दिवा लावायचा नाही. जॅकी चॅननं १९८१ च्या ‘द कॅननबॉल रन’ या अमेरिकन पिक्चरमध्ये छोटं काम केलं होतं. त्याच्या शेवटी फसलेले टेक दाखवले होते, ती कल्पना त्यानं उचलली. फरक असा की तिथे नट संवाद विसरून हसत होते आणि इथे माणसं स्ट्रेचरवरून जातात. इतका वेळ ज्यांच्याकडे बघा म्हणून मी मागे लागले होते, ती मार खाणारी माणसं इथे त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यानं दिसतात. रक्त पुसताना, एकमेकांना उठवताना, उठता उठता हसताना. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात युगोस्लाव्हियात जॅकी चॅन भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी मारत होता. आदल्या कितीतरी कसरतींच्या मानानं ही सोपी. फांदी मोडली, तो खाली दगडांवर डोक्यावर पडला आणि कवटी फुटली. तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. ही हकिगत मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण अपघात अवघड उडीतच होतो असं त्यांना वाटत असतं.

पुढचा क्रम हवा असेल तर: ‘प्रोजेक्ट ए’, ‘व्हील्स ऑन मील्स’, ‘पोलीस स्टोरी’, मध्ये एक भुताचा, एक बायकांचा, मग ‘द प्रॉडिगल सन’, आणि सगळ्यात शेवटी ‘ड्रॅगन्स फॉरएव्हर’ (१९८८). तिघे मोठ्या भूमिकांत एकत्र आलेला हा शेवटचा पिक्चर. अर्किडेझ पुन्हा येतो, आणि शाळेतला जोडीदार युएन वाह सिगार ओढणारा खलनायक होऊन त्यांच्याकडून बदडून घेतो. तो पडतो कसा ते बघा. तोवर तुमचे डोळे तयार झालेले असतील, माझी गरज लागणार नाही.

एक नियम मात्र पोरं असलेल्या घरांनी पाळावा. पिक्चर संपल्यावर त्या रात्री सोफ्यावरून, पलंगावरून, खिडकीच्या कट्ट्यावरून कोणीही उडी मारायची नाही. ज्याला मारायचीच असेल त्यानं सकाळी साडेपाचला व्यायामशाळेत यावं. गाद्या आम्ही घालून ठेवतो, घड्या मात्र ज्यानं उडी मारली त्यानंच घालायच्या.